आईला जमिनीवरून उठता येईना, खाली बसवावं की नाही?

आई ६९ वर्षांची. उभा जन्म लातूरकडच्या खेड्यात गेला. खुरपणी उकिडवं बसून, भाकरी चुलीपुढं पाटावर, जेवण मांडी घालून. बाबा गेल्यावर ती आमच्याकडं संभाजीनगरला फ्लॅटमध्ये आली. इथं ओटा, डायनिंग टेबल, कमोड, सोफा. दिवसभरात जमिनीला टेकायचं कामच नाही.

यंदा महालक्ष्म्यांना गावी गेलो. फुलोरा बांधायला खाली बसली अन् उठताच येईना. दोन्ही हात टेकून गुडघ्यांवर आली, मग खांबाला धरून कशीबशी उभी राहिली. "येईना गेलंय बाबा मला," म्हणाली. घरी एकटी असताना पडली तर काय, हा माझा खरा घोर.

एक्सरेत दोन्ही गुडघ्यांची झीज आहे. डॉक्टर म्हणाले, मांडी नको, उकिडवं तर मुळीच नको. गुडघा पूर्ण दुमडला की सांध्यावर भार वाढतो, हे पटतं. पण खाली बसणं सुटलं तशी मांड्यांतली ताकदही गेली, हे डोळ्यांनी दिसतंय.

त्यात नातेवाइकांच्या ग्रुपवर ब्राझीलचा अभ्यास फिरतोय. २०१२ साली छापून आलेला. ५१ ते ८० वयाच्या २००२ जणांना जमिनीवर बसून उठायला लावलं, हात-गुडघा टेकला की गुण कापले. कमी गुणवाल्यांत पुढं मृत्यू जास्त दिसले. लगेच मामांचा हुकूम: "तिला खालीच बसवा!" अहो, तब्येत आधीच खालावलेल्याला गुण कमीच पडणार. खाली बसवलं की आयुष्य वाढतं, असं त्यातून कुठं निघतं?

गुडघे न दुखवता ही ताकद कुणी परत आणली आहे का?

परभणीकर: सासूबाईंना फिजिओनं खुर्चीपासूनच सुरुवात करून दिली. खुर्ची भिंतीला टेकवायची, हात छातीशी, उठायचं आणि सावकाश बसायचं. धपकन बसलं तर मोजायचं नाही. जमू लागल्यावर बुटकी बैठक. मांडी अजून बंदच आहे. जमिनीवरून उठणं वेगळं शिकवलं: आधी कुशीवर वळायचं, मग हात-गुडघ्यांवर यायचं, खुर्चीच्या बैठकीवर हात रोवायचे, चांगला पाय पुढं टाकून उठायचं. जवळ माणूस पाहिजेच. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर उठल्यावर चक्कर येते का तेही बघा.

धागाकर्ता: चांगला म्हणजे कमी दुखणारा ना? आईचा उजवा जास्त धरतो.

परभणीकर: हो, मग डावा पुढं. उजव्या गुडघ्याखाली उशी द्या. पहिल्यांदा फिजिओसमोरच करून घ्या.