मदत हवी आहे: आईला गीर आणि दीव दाखवायचंय

नमस्कार मंडळी. आम्ही नागपूरचे, त्यामुळे ताडोबा-पेंचचे वाघ आईने पाहिलेत. सिंह मात्र राहिला, आणि समुद्र तर ६८ वर्षांत एकदाही पाहिला नाही! म्हणून गीर आणि जवळचं दीव एकत्र करतोय. गीर १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद असतं, तेव्हा दिवाळीनंतर जाऊ. अहमदाबादपर्यंत रेल्वेने, पुढे गाडी.

मुक्काम दीवला ठेवून पहाटेची सफारी जमेल का, की एक रात्र सासणलाच (गीरची सफारी सुरू होते ते गाव) काढावी? आईचे गुडघे दुखतात. जिप्सीचे धक्के सोसतील, की देवळियाची (गीरमधलं कुंपणातलं सफारी पार्क) बस बरी? आणि पाण्यात नुसते पाय बुडवून बसायला दीवचा नागवा किनारा चांगला की घोघला किनारा? तिला लाटांची भीती वाटू नये, एवढंच बघायचंय. कोणी आईवडिलांना घेऊन गेलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.