मदत हवी आहे: डावीकडून उजवीकडे जाणारा फेजंट दर वेळी सुटतो

गोदाकाठचा: बारा बोअर, दुनळी बंदूक. डोक्यावरून येणारा पक्षी पडतो, उजवीकडून डावीकडे जाणाराही कधीमधी. पण डावीकडून उजवीकडे निघाला की बार फुकट. मागच्या खेपेला नऊ बार, एक पीस नाही. यजमान काही बोलत नाहीत, तेच जास्त लागतं. लवकर सांगा, पुढच्या शिकारीला २० दिवस उरलेत.

रानवाटा: १९७२चा वन्यजीव कायदा ऐकलाय का? मोरसुद्धा फेजंटच्याच कुळातला. कुठे मारताय?

दिंडोरीवाला: पाखरांना बंदूक कशाला? द्राक्षांचे मणी गोड व्हायला लागले की आमच्या बागेतही बुलबुल तुटून पडतात. जाळी टाका, विषय संपला.

गोदाकाठचा: अहो, यॉर्कशायर! पुतण्याकडे. तिथे १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी हंगाम असतो, सगळं रीतसर. आणि बाग कसली, गंगापूर रोडला फ्लॅट आहे माझा.

ट्रॅपकाका: साधं गणित. ताशी ६० किलोमीटरचा पक्षी ३० मीटरवर असेल तर छर्रे पोचेपर्यंत तो दीड मीटर पुढे जातो. दीड मीटर पुढे धरा.

स्कीटप्रेमी: गणित करत बसलं की नळी थांबते आणि बार मागे पडतो. मागून या: शेपटी, पोट, चोच, ठो! घोडा ओढल्यावरही नळी फिरतीच ठेवा.

ट्रॅपकाका: किती क्ले, म्हणजे हवेत उडवलेल्या सरावाच्या तबकड्या, फोडल्यात आजवर?

स्कीटप्रेमी: मोजल्या नाहीत. ट्रॅप नेमबाजीत क्ले समोर लांब पळते, काका. आडवी जाणारी बघायची तर स्कीट नेमबाजीला या.

सातपूरकर: भांडा नंतर. एकाच बाजूला चुकतंय ना? खांदा कुठला? चष्मा?

गोदाकाठचा: उजवा. चष्मा आहे. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरलाय, पण त्याचा इथे काय संबंध?

सातपूरकर: हे आधी सांगायचं की हो! दोन्ही पंजे जुळवून मध्ये भोक ठेवा, हात लांब करून त्यातून लांबची वस्तू बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने ती दिसत राहील, तो डोळा नेम धरतोय. डावा निघाला तर उजव्या खांद्यावरून बार डावीकडे जाणार. म्हणजे तुमच्या पक्ष्याच्या मागे.

गोदाकाठचा: गच्चीत जाऊन आलो. समोरच्या बिल्डिंगची काळी टाकी धरली. डावा मिटला की टाकी गायब. दोनदा केलं.

सातपूरकर: डाव्या काचेवर, नळी दिसते तिथे, चिकटपट्टीचा छोटा गोल लावा. आणि मोतीबिंदू दाखवून घ्या.

ट्रॅपकाका: तरी दीड मीटर पुढे धराच.

ओझरचा नवखा: दिंडोरीवाले, ती जाळी एकरी किती लागते?