ओआरएम शिकताना पहिल्या दिवशी एसक्यूलाइट की थेट पोस्टग्रेस?

फोंडेकर: गेल्या रविवारी फोंड्यात सहा मुलांना एसक्यूलअल्केमी शिकवायला बसले. हे पायथनचं ओआरएम, म्हणजे डेटाबेसच्या टेबलांशी कोडमधल्या क्लासमधून काम करण्याचं साधन. दोन तास नुसते पोस्टग्रेस या सर्व्हरवर चालणाऱ्या डेटाबेसला जोडण्यातच गेले. एकाच्या पासवर्डमध्ये ॲटचं चिन्ह (@) होतं; जोडणीच्या पत्त्यात त्यापुढचा भाग होस्टचं, म्हणजे सर्व्हरच्या मशीनचं, नाव म्हणून वाचला गेला. दुसऱ्याने जुन्या लेखातून पत्त्याच्या सुरुवातीचं 'पोस्टग्रेस://' उचललं. एसक्यूलअल्केमीच्या आवृत्ती १.४ पासून ते चालत नाही, 'पोस्टग्रेसक्यूएल://' लागतं. मॉडेलपर्यंत, म्हणजे टेबलाचं वर्णन करणाऱ्या क्लासपर्यंत, पोचलोच नाही. पेडण्याहून बस बदलून येणारी मुलगी म्हणाली, "मॅडम, हे मला जमायचं नाही." म्हणून सांगते, सुरुवात एसक्यूलाइटनेच करा, अख्खा डेटाबेस एका फाइलमध्ये. सर्व्हर नाही, पोर्ट नाही, पासवर्ड नाही.

म्हापसेकर: ताई, अजिबात पटलं नाही. जोडणी बिघडणं हाच पहिला धडा आहे. पत्ता घेणारं 'क्रिएट इंजिन' हे फंक्शन स्वतः जोडणी करत नाही, पहिली क्वेरी गेली की करतं. म्हणून मुलं चूक मॉडेलमध्ये शोधत बसतात. आधी पीएसक्यूएलने (पोस्टग्रेसच्या कमांड-लाइन प्रोग्रॅमने) त्याच नावाने, त्याच पासवर्डने आत जाऊन बघायला लावा. गेलं, तर घोळ तुमच्या पत्त्यात. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं, तर ५४३२ या पोस्टग्रेसच्या नेहमीच्या पोर्टवर कोणी ऐकतच नाही; सर्व्हिस बंद असेल किंवा पोर्ट वेगळा असेल. पासवर्ड चुकल्याचा संदेश आला तर उलट बरं, दारापर्यंत पोचलात! एवढं वाचता आलं की मूल घाबरत नाही. आणि एसक्यूलाइट फॉरिन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारा रकाना) मुळात तपासत नाही, प्राग्मा ही त्याची सेटिंग चालू करावी लागते. नसलेल्या ग्राहकाच्या नावावर ऑर्डर बिनबोभाट पडते.

फोंडेकर: प्राग्मा एका ओळीचं काम आहे, सर. खचलेलं मूल परत आणणं एका ओळीत होत नाही.

साखळीकर: मी स्वतः शिकतोय. मॅडम, एसक्यूलाइटनेही मला दोन दिवस रडवलं. 'एसक्यूलाइट:///' असा तीन तिरक्या रेघांचा पत्ता चालू फोल्डरपासून मोजला जातो. दुसऱ्या फोल्डरमधून प्रोग्रॅम चालवला, तर तिथे नवी रिकामी फाइल तयार झाली आणि 'नो सच टेबल' येत राहिलं. जोडणी झाली होती, पण भलत्याच फाइलला. पोस्टग्रेस निदान ओरडून सांगतं.

फोंडेकर: हे खरंच माझ्या लक्षात आलं नव्हतं. फाइलचा पूर्ण पत्ता आणि 'एको' (पाठवलेली प्रत्येक क्वेरी छापणारी सेटिंग) चालू, हे पहिल्याच दिवशी सांगेन. पण पेडण्याच्या मुलीला घरी जाण्याआधी टेबलात पडलेली स्वतःची एक ओळ दिसलीच पाहिजे. पीएसक्यूएल दुसऱ्या रविवारी.

म्हापसेकर: दुसऱ्या रविवारी नक्की घ्या. मी येतो मदतीला.