मालदीवला टॉवेल पाठवायचेत, ६० दिवसांच्या उधारीवर द्यावेत का?

अक्कलकोट_रोड (प्रश्न)
मालदीवची राजधानी मालेतल्या एका व्यापाऱ्याने रिसॉर्टसाठी २,००० पांढरे बाथ टॉवेल मागितलेत. ७० बाय १४० सेंमी, ५०० जीएसएम (चौरस मीटरला ५०० ग्रॅम). पैसे माल पोचल्यावर ६० दिवसांनी. तिथे पर्यटन जोरात आहे, बाहेरची गुंतवणूकही येते. मग जाणकार उधारीला नको का म्हणतात?

निर्यात_कागद
देशात डॉलर येतात म्हणून ते तुमच्या व्यापाऱ्याच्या हातात पडतात असं नाही. सगळी अडचण इथेच आहे. मालदीवमध्ये तांदूळ, डिझेल, सिमेंट, टॉवेल, जवळपास सगळं बाहेरून येतं. डॉलर कमावतात रिसॉर्ट, आणि त्यातले बरेच परदेशी कंपन्यांचे. रिसॉर्ट बांधायला आलेली गुंतवणूकही यंत्रं, फर्निचर आणायला पुन्हा बाहेर जाते. मालेतल्या व्यापाऱ्याकडे गोळा होतो रुफिया, म्हणजे तिथलं चलन. सरकारी दर डॉलरला सुमारे १५.४२, पण त्या दराने बँक हवे तेवढे डॉलर देत नाही, मग तो बाजारातून महाग घेतो. माणूस सचोटीचा, माल विकला गेलेला, तरी तुमचं बिल थांबतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने मालदीवला ४० कोटी डॉलर आणि ३,००० कोटी रुपयांच्या चलन अदलाबदलीची सोय दिली, ती या टंचाईमुळेच.

म्हणून आधी विचारा, बिल रिसॉर्ट चालवणाऱ्या कंपनीच्या नावावर होईल का? होत असेल तर निम्मी काळजी मिटली. नसेल तर ३० टक्के आगाऊ घ्या आणि बाकीची एलसी (खरेदीदाराच्या बँकेची पैसे देण्याची लेखी हमी) 'अ‍ॅट साइट', म्हणजे बरोबर कागद दाखवताच पैसे, तीही कन्फर्म्ड, म्हणजे दुसऱ्या बँकेनेही हमी दिलेली. नुसत्या मालेच्या बँकेच्या एलसीवर देशाची डॉलरटंचाई तुमच्याच अंगावर राहते. भारतातल्या बँकेने कन्फर्मेशन दिलं की ती जोखीम तिची. एलसीत 'कॉटन टेरी टॉवेल' असेल तर इन्व्हॉइसवरही तेच लिहा, 'बाथ टॉवेल' लिहिलं की बँक कागद अडवते. उधारी द्यायचीच असेल तर ईसीजीसीकडून (निर्यातीच्या उधारीचा विमा देणारी सरकारी कंपनी) खरेदीदाराची मर्यादा माल निघण्याआधी मंजूर करून घ्या. त्यातही पूर्ण भरपाई मिळत नाही.

रुपयात बिल करण्याचा मार्गही बघा. नोव्हेंबर २०२४ मध्ये दोन्ही देशांच्या मध्यवर्ती बँकांनी स्थानिक चलनात व्यवहाराचा करार केलाय. तुमची शाखा ते करते का, ते आधी विचारून घ्या.

जकार्ड_लूम
मालाचंही बघा की. एक नग ४९० ग्रॅमचा, म्हणजे २,००० नग ९८० किलो. पण टॉवेल फुगीर, कंटेनरमधल्या सुट्या मालाचं भाडं घनमीटरवर लागतं. गठ्ठे दाबून बांधा, फार दाबलं तर मात्र टॉवेलवरचे धाग्याचे लूप बसतात. माप धुतल्यानंतरचं आहे का, हे लेखी घ्या. लांबी ८ टक्के आटत असेल तर १४० साठी १५२ सेंमी विणावं लागेल. सिलिकॉन फिनिश टाळा, हाताला मऊ लागतं पण पाणी शोषत नाही आणि नमुना तिथेच नापास होतो.

अक्कलकोट_रोड
मॉरिशस बरं पडेल का?

निर्यात_कागद
पैशाच्या बाजूने बरं. साखर, कपडे, पर्यटन, वित्तसेवा अशा चार पायांवर ती अर्थव्यवस्था उभी आहे. पण १९७० पासून तिथे निर्यातीसाठी कपडे बनतात, म्हणून खरेदीदाराला कापडातलं कळतं, नमुना कडक तपासला जाईल. भारताशी सवलतीचा व्यापार करार १ एप्रिल २०२१ पासून लागू आहे. सवलत घ्यायची तर उत्पत्तीचा दाखला (माल भारतात बनल्याचा) मालासोबतच काढा. ६३०२ ६० हा सुती टेरी टॉवेलचा जकातीचा कोड करारातल्या यादीत कुठे बसतो, ते बघूनच भाव द्या.