धोतर की डिनर जॅकेट? अटलांटिक ओलांडणाऱ्या जहाजावरचे पोशाखाचे नियम आणि सहप्रवाशांचे शिष्टाचार

सातारकर_बर्मिंगहॅम (प्रश्न)

नमस्कार. येत्या सप्टेंबरमध्ये आई-बाबा, पत्नी आणि मी असे चौघे ‘क्वीन मेरी २’ या जहाजाने साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कला जाणार आहोत; तिथून पुढे न्यू जर्सीला धाकट्या बहिणीकडे मुक्काम आहे. सात रात्रींचा हा प्रवास ठरवताना मी भाडे, व्हिसा, बाबांची औषधे आणि शाकाहारी जेवण एवढ्याच गोष्टी पाहिल्या होत्या. कपड्यांचा विषय माझ्या ध्यानात आला तो पैसे भरून झाल्यावर, सूचनापत्रक वाचताना. संध्याकाळी सहानंतर जहाजाच्या बहुतेक भागांत नीटनेटका पोशाख हवा, आणि दोन संध्याकाळी ‘गाला’ असतील, म्हणजे पुरुषांनी डिनर जॅकेट (रात्रीच्या समारंभाचा काळा कोट) किंवा गडद सूट आणि टाय, व स्त्रियांनी त्याच तोलाचा पोशाख करावा, असे त्यात म्हटले आहे. राष्ट्रीय पोशाखही चालेल असा उल्लेख आहे, पण त्यांच्या मनातल्या राष्ट्रीय पोशाखात धोतर बसते की नाही, हे मला उमगलेले नाही.

बाबा ७३ वर्षांचे आहेत. हायस्कुलात संस्कृत शिकवून निवृत्त झाले आणि आयुष्यात त्यांनी एकदाही टाय बांधलेला नाही. समारंभाला धोतर, बंद गळ्याचा कोट आणि काळी टोपी हा त्यांचा ठरलेला वेष. सूटचा विषय काढल्यावर ते शांतपणे म्हणाले, “ज्या वेषात मी तुझ्या लग्नात व्याह्यांसमोर उभा राहिलो, तो त्यांच्या जेवणघरात चालत नसेल, तर मी खोलीत बसून दशम्या खाईन.” आईला मात्र पैठणी नेसायला निमित्त मिळाले म्हणून आनंद झाला आहे.

दुसरी काळजी टेबलाची. आम्हाला आठ जणांचे टेबल मिळण्याची शक्यता आहे, म्हणजे चार अनोळखी माणसे सातही रात्री आमच्यासोबत जेवणार. बाबा हाताने जेवतात आणि सुरी-काट्याने जेवायला लागले तर अर्धपोटी उठतात. अशा ठिकाणी हाताने जेवणे असभ्य समजले जाते का? आणि सुट्टीवर निघालेल्या, स्वतःचे पैसे मोजलेल्या माणसाला काय नेसावे हे जहाजाने सांगणे मुळात योग्य आहे का, यावरही जाणकारांचे मत वाचायला आवडेल.

दर्यावर्दी

मी याच मार्गाने दोनदा प्रवास केला आहे, म्हणून आधी व्यवहाराचे सांगतो. गालाच्या संध्याकाळी स्कॉटिश प्रवासी किल्ट, म्हणजे त्यांचा गुडघ्यापर्यंतचा पारंपरिक घागरा, घालून येतात आणि त्यांच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. त्याच न्यायाने स्वच्छ, इस्त्रीचे धोतर आणि बंद गळ्याचा कोट हा पूर्णपणे औपचारिक वेष ठरतो. प्रश्न आला तर तो पायांतल्या वहाणांवरून येईल, कारण पुरुषांच्या उघड्या सँडल संध्याकाळी चालत नाहीत, आणि कोल्हापुरी वहाण ही सँडलहून वेगळी हे दारावरच्या माणसाला समजावत बसण्यापेक्षा काळे बंद बूट नेलेले बरे. टोपीचे म्हणाल तर घरात शिरल्यावर पुरुषांनी हॅट काढावी असा इंग्रजी रिवाज आहे, पण वेषाचाच भाग असलेल्या टोपीला तो लागू करण्याइतके अडाणी लोक तिथे मला भेटले नाहीत. तरीही मनाला खात्री हवी असेल तर कंपनीला बाबांचे त्या वेषातले छायाचित्र जोडून ईमेल करा आणि आलेले उत्तर छापून जवळ ठेवा.

हा नियम संपूर्ण जहाजाला लागू नाही, हेही बाबांना सांगा. ज्यांना सजायचे नसते त्यांच्यासाठी ‘किंग्ज कोर्ट’ हे बुफेचे जेवणघर आणि ‘गोल्डन लायन’ हा पब खुले असतात. म्हणजे दशम्यांची वेळ येणार नाही. पहिल्या आणि शेवटच्या रात्री गाला नसते. ही चाल जुन्या बोटींपासून आली आहे: पहिल्या रात्री ट्रंका उघडलेल्या नसत आणि शेवटच्या रात्री त्या बांधून झालेल्या असत.

इस्त्री मात्र घरून नेऊ नका. आगीच्या भीतीने घरून आणलेली इस्त्री, वाफेचा स्टीमर किंवा किटली खोलीत वापरायला बंदी असते आणि सामान तपासताना त्या काढून घेतात. या जहाजावर प्रवाशांसाठी विनामूल्य लाँड्री आहे, तिथे इस्त्र्या मिळतात. पण गालाच्या दिवशी दुपारी चारनंतर तिथे गेलात तर रांग लागलेली दिसेल, आणि जहाजावरची खरी कडाक्याची भांडणे तिथेच होतात, असा माझा अनुभव आहे. बाबांची धोतरे सकाळीच उरकून घ्या. पश्चिमेकडे जाताना सातपैकी पाच रात्री घड्याळ एकेक तास मागे घ्यावे लागते, तेव्हा त्यांच्या औषधांच्या वेळाही डॉक्टरांना विचारून लिहून ठेवा. अटलांटिकमध्ये बोट लागली तर मात्र गाला आणि डिनर जॅकेट दोन्ही आपोआप विसरली जातात.

स्पष्टवक्ता

वरचा सल्ला उपयोगाचा असला तरी मूळ प्रश्न बाजूला राहिला, असे मला वाटते. ‘राष्ट्रीय पोशाखही चालेल’ या वाक्यातला ‘ही’ नीट वाचा. प्रमाण वेष कोणता हे एका वर्गाने ठरवायचे आणि उरलेल्या जगाला सवलत म्हणून आत घ्यायचे, हा त्याचा अर्थ आहे. डिनर जॅकेट हा एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज सरदार-सावकारांचा रात्रीच्या जेवणाचा वेष. १९१२ साली टायटॅनिकच्या पहिल्या वर्गात लोक तो घालून जेवत होते आणि तिसऱ्या वर्गातल्या प्रवाशाला त्या दालनाच्या आसपासही फिरकता येत नव्हते. आजही ‘क्वीन मेरी २’वर महाग खोल्या घेणाऱ्यांची ‘ग्रिल’ नावाची जेवणघरे वेगळी आहेत. कपड्यांची शिस्त म्हणून जे मिरवले जाते ते पुष्कळदा या उतरंडीचे अस्तर असते.

आपल्याकडेही हे घडले आहे. १९८८ साली मुंबईच्या विलिंग्डन क्लबमध्ये चित्रकार मकबूल फिदा हुसेन अनवाणी आले म्हणून त्यांना प्रवेश नाकारला गेला. २०१४ साली चेन्नईत उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना वेष्टी (तामिळ धोतर) नेसल्यामुळे क्लबच्या दारातून परतावे लागले. त्यावर एवढा गदारोळ झाला की तामिळनाडूने त्याच वर्षी अशा बंदीविरुद्ध कायदा केला. समुद्रावर तुमच्या बाबांच्या मदतीला तसा कायदा येणार नाही. म्हणून ‘चालेल का’ असे विचारत ईमेल पाठवण्यापेक्षा ‘हा आमचा वेष आहे’ असे कळवणे मला अधिक योग्य वाटते.

धंद्याच्या दृष्टीनेही ही प्रथा टिकवण्याची सक्ती कोणावर नाही. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० च्या सुमारास ठरलेली जेवणाची वेळ आणि औपचारिक रात्रीची सक्ती दोन्ही सोडून दिल्या. व्हर्जिन व्हॉयेजेसच्या जहाजांवर औपचारिक रात्र नाहीच. एका रात्री सर्वांनी लाल रंगाचे काहीतरी घालावे, एवढीच गंमत असते. त्यामुळे कुणाची जहाजे बुडाली नाहीत.

रेवदंड्याची

स्पष्टवक्ता यांचा इतिहास बरोबर आहे, पण निष्कर्ष मला पटत नाही. क्लबमध्ये बोलावलेल्या पाहुण्याला दारावरून परत पाठवणे आणि नियम आधी छापून तिकीट विकणे यांत फरक आहे. तुम्हीच म्हणता त्याप्रमाणे पोशाखाची अट नसलेली जहाजे पुष्कळ आहेत. तरीही काही लोक जाणूनबुजून अट असलेले जहाज निवडतात, कारण त्यांना वर्षातून एकदा सगळे दालन सजलेले पाहायचे असते. आपण लग्नाच्या मांडवात बर्म्युडा घालून आलेल्या चुलतभावाला काय म्हणतो? तिथे आपल्याला वर्गभेद आठवत नाही, यजमानांचा मान आठवतो.

कपड्यांबाबत जहाजापेक्षा बंदरे अधिक कडक असतात, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद अशा कॅरिबियन देशांत सामान्य नागरिकाने लष्करी छापाचे कपडे घालणे कायद्याने गुन्हा आहे, मग ती लहान मुलाची चड्डी का असेना. आपल्या लक्षद्वीपलाही लोकवस्तीच्या बेटांवर अंगभर कपड्यांत फिरावे लागते आणि तिथे दारूबंदी आहे, हे मुंबईहून जहाजाने निघालेल्या मंडळींना बेटावर पोहोचल्यावर सांगावे लागते. मी त्या मार्गावर एकदा गेले होते. संध्याकाळी कोणी काय घातले आहे याची त्या जहाजावर कुणालाच पर्वा नव्हती, आणि ते मला आवडले. रात्री दीड वाजता आमच्या खोलीबाहेरच्या बोळात स्पीकर लावून अंताक्षरी चालली होती, ते आवडले नाही. मला विचाराल तर त्या मंडळींनी टाय बांधून अंताक्षरी खेळली असती तरी माझी झोप तेवढीच मोडली असती.

वेंगुर्ल्याचा_वेटर

अकरा वर्षे मी परदेशी क्रूझ जहाजांच्या जेवणघरांत वाढप्याचे आणि नंतर मुख्य वाढप्याचे काम केले. गोवा आणि सिंधुदुर्गातली आमच्यासारखी पुष्कळ मुले या जहाजांवर आहेत. तुमच्या टेबलाशी उभा असलेला माणूस मराठीत “काका, वरण-भात सांगू का?” असे विचारू लागला, तर दचकू नका.

टेबलाच्या बाजूने सांगायचे तर कपड्यांवरून झालेले तंटे मला बोटांवर मोजण्याइतके आठवतात. कोणी हाफ पँटीत आला तर आमचा प्रमुख त्याला बाजूला घेऊन हळू आवाजात बोलत असे आणि बहुतेक वेळा तो माणूस पाच मिनिटांत कपडे बदलून येत असे. औपचारिक रात्री आमचे काम वाढते हे खरे, कारण त्या रात्री लॉबस्टरसारखे पदार्थ असतात, प्रत्येकाला छायाचित्र हवे असते आणि सगळी टेबले एकदम भरतात. तरीही मला त्या रात्री आवडत. सजून आलेली माणसे आवाज थोडा खाली ठेवतात, आणि आमच्याशीही जरा बरे वागतात.

आमचा जीव नकोसा होतो तो वेगळ्याच गोष्टींनी. चुटकी वाजवून किंवा “ए” म्हणून हाक मारणे ही पहिली. पोहून आल्यावर ओल्या कपड्यांनी बुफेच्या खुर्चीत बसणे ही दुसरी. बुफेचा चिमटा सोडून हाताने पदार्थ उचलणे याबद्दल मी थोडे जास्त बोलेन, कारण हा प्रश्न निव्वळ शिष्टाचाराचा नाही. नोरोव्हायरस एकदा जहाजावर पसरला की दोन-तीन दिवसांत शेकडो माणसे उलट्या-जुलाबांनी खोल्यांत अडकतात. मग बुफेवरचे चिमटेही आमच्याच हातात येतात आणि आम्ही प्रत्येकाला वाढत बसतो. दाराशी हात धुवायला सांगणारा मुलगा प्रवाशांना कटकट्या वाटतो, पण त्याच्यामुळेच तुमची सुट्टी वाचते. नुसते जंतुनाशक चोळू नका. या विषाणूवर ते फारसे चालत नाही, साबण-पाणीच हवे.

तिसरी गोष्ट आपल्या लोकांना लगेच समजेल. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची, तसे सकाळी सहा वाजता पोहण्याच्या तलावाकाठच्या आरामखुर्च्यांवर टॉवेल टाकून लोक नाश्त्याला जातात आणि अकराला परततात. यात देशभेद नाही. इंग्रज, जर्मन, अमेरिकन, सगळे यात तरबेज आहेत. काही कंपन्यांनी आता अर्ध्या-पाऊण तासात मालक न दिसल्यास टॉवेल उचलायचा नियम केला आहे, आणि तो टॉवेल उचलणाऱ्या पोऱ्याला जी बोलणी बसतात ती इथे लिहिण्यासारखी नाहीत.

हाताने जेवण्याचे विचारलेत. अहो, पाव तर साहेबही हातानेच मोडतो. सुरीने पाव कापणे हेच त्यांच्याकडे गावंढळपणाचे समजतात. पोळी-भाजी हाताने खाल्ली तर कोणीही काही म्हणणार नाही. वरण-भात किंवा रस्सा असेल तर वाढप्याला पहिल्याच रात्री सांगून बोटे धुवायला लिंबू घातलेल्या कोमट पाण्याची वाटी मागा. ती वाटी त्यांच्या रिवाजातलीच आहे, त्यामुळे कुणालाच नवल वाटणार नाही. फक्त बोटे चाटू नका आणि टेबलावरचे सामाईक लोणी-मीठ उष्ट्या हाताने घेऊ नका. हे तर बाबांना आपल्या पंगतीतूनच ठाऊक असेल.

एक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून सांगतो. बाबा रोज पूजा करत असतील तर उदबत्ती आणि निरांजन घरीच ठेवा. खोलीत पेटती ज्योत अजिबात चालत नाही आणि धुराची घंटा वाजली की सुरक्षारक्षक दारात हजर होतात. एका कुटुंबाने खोलीत कापूर लावला होता. तो पूर्ण जळायच्या आत चार माणसे आत शिरली होती.

सातारकर_बर्मिंगहॅम

सर्वांचे मनापासून आभार. सगळे प्रतिसाद बाबांना वाचून दाखवले. स्पष्टवक्ता यांच्या सूचनेप्रमाणे ईमेल परवानगी मागणारा न लिहिता माहिती देणारा लिहिला आहे, आणि दर्यावर्दी यांच्या सूचनेप्रमाणे त्याला छायाचित्रही जोडले आहे. म्हणजे दोघांचेही ऐकले. काळे बूट घ्यायला बाबा तयार झाले. पावाचा मुद्दा त्यांना इतका आवडला की त्यांनी तो फोनवर त्यांच्या दोन मित्रांना सांगितला. कापराचे मात्र बरे झाले आधी कळले, कारण डबी पिशवीत गेलेली होती.

आता आईचा एक प्रश्न उरला आहे आणि त्याचे उत्तर कदाचित वेंगुर्ल्याचा_वेटर यांनाच देता येईल. गालाच्या संध्याकाळी दोन, आणि तिच्याकडे नेण्यासारखी पैठणी एकच. टेबलावर सातही दिवस तीच चार माणसे असतील, तर दुसऱ्या वेळी तीच पैठणी नेसलेली त्यांच्या लक्षात येते का?