दिवस भरत आले: खऱ्या कळा ओळखायच्या कशा?

नववा महिना लागला की ‘कळा खऱ्या की खोट्या?’ हा प्रश्न नेमका मध्यरात्री पडतो. सोलापुरात बाळंतपणाचंच काम करणाऱ्यांनी आपलं सांगणं इथे लिहावं.

लेबर रूममधली सिस्टर, सात रस्ता
घड्याळ जवळ ठेवा. एक कळ सुरू झाल्यापासून पुढची सुरू होईपर्यंतचा वेळ मोजायचा. बऱ्याच जणी कळ संपल्यापासून मोजतात, मग हिशेब चुकतो. कळ आली की पोटावर हात ठेवा. नाकाच्या शेंड्याइतकं दबलं तर कळ हलकी, हनुवटीसारखं लागलं तर मध्यम, कपाळासारखं टणक लागलं तर जोराची. पहिलटकरणीला दर 5 मिनिटांनी, मिनिटभर टिकणारी कळ तासभर येत राहिली की निघायचं. दुसऱ्या खेपेला एवढी वाट पाहू नका, आणि मोहोळ-अक्कलकोटकडून यायचं असेल तर मुळीच नको.

आशाताई, दक्षिण सोलापूर
एप्रिल-मेच्या उन्हात पाणी कमी पडलं तरी पोट कडक होतं. दोन ग्लास पाणी प्या, लघवीला जाऊन या, डाव्या कुशीवर तासभर पडा. खोटी कळ विरते. खरी कमरेतून ओटीपोटात उतरते आणि पडून राहिलं तरी वाढतच जाते. मात्र 37 आठवडे भरायच्या आत नियमित कळा आल्या तर घरी तासभर थांबायचंच नाही. कळा आणायला एरंडेल पाजणं तर सोडाच बाई, जुलाबाने अंगातलं उरलंसुरलं पाणीही जातं.

स्त्रीरोगतज्ज्ञ, होटगी रोड
चिकट, किंचित लालसर स्राव गेला म्हणजे गर्भपिशवीचं तोंड सैल होऊ लागलंय. कळांना अजून काही दिवसही लागू शकतात. पाळीसारखं ताजं रक्त गेलं तर मात्र लगेच निघा.

पाणमोट, म्हणजे बाळाभोवतीची पाण्याची पिशवी, फुटली की लघवी झाली हे कळेना, तर कोरडा सुती पॅड लावून अर्धा तास पडा, मग उभ्या राहा. लघवीचा वास येतो आणि ती आवरता येते. हे पाणी आवरत नाही, उभं राहताच पुन्हा येतं. वेळ आणि रंग लिहून ठेवा, पॅड सोबत आणा. कळा नसल्या तरी यायचंच. हिरवट किंवा तपकिरी दिसलं तर बाळाने पोटातच शी केलेली असू शकते, तेव्हा पॅड लावून बघत बसू नका, 108 लावा.

परिचारिका, जुळे सोलापूर
‘बाळंतपण जवळ आलं की बाळ शांत होतं’ हे घरोघरी ऐकू येतं. ते खरं नाही. हालचाल कमी वाटली तर काहीतरी खाऊन कुशीवर पडा आणि मोजा. 2 तासांत 10 हालचाली झाल्या नाहीत, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.