गावात राहून चित्राले विषय कोठून आणाचा?

तुरीच्या_शेंगा
नमस्कार मंडळी, मी दारव्हा तालुक्यातला. बारावी झाली, इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा पास हाय अन पुढं नागपूरले चित्रकला कॉलेजात जाचा इचार चालू हाय. फोटो पाहून मी जसंच्या तसं काढतो, हात बरा हाय म्हणतात लोक, पण कोरा कागद समोर आला का डोकंच बंद. यूट्यूबवर पाहावं तं सगळ्याइचे चित्रं सारखेच, धबधबा, नारळाचे झाडं, डोंगरामांगून निंघणारा सूर्य. आता आमच्याकडं नारळ देवळातच दिसते अन धबधबा पाहाचा तं पावसाळ्यात सहस्रकुंडले जा. बाकी काय, कपाशी, तूर, सोयाबीन, अन आता एप्रिलात तं तेही नाही, नुसते वखरलेले वावरं अन फुफाटा. हे मोठे मोठे चित्रकार प्रेरणा कोठून आणत असतीन? त्याच्यासाठी फिराच लागते का? मनानं काढ म्हणतात सारे, मनात काही असंन तं काढीन ना बाप्पा.

खडूफळा
बाळा, जन्मभर शाळेत ड्रॉइंग शिकवलं त्यामुळे बोलायची सवय आहे, लांबलं तर सांभाळून घे. फिरावंच लागतं हे तुला कोणी सांगितलं? क्लोद मोने म्हणून फ्रान्सचा चित्रकार, जिवेर्नी गावात राहायचा, घराजवळच्या वावरात शेजारच्या शेतकऱ्याच्या गंज्या लागायच्या. आपल्याकडे कडब्याची गंजी असते ना तशीच, फक्त गव्हाच्या पेंढ्यांची. १८९०-९१ मध्ये त्याने त्या गंज्यांचीच पंचवीसेक चित्रं काढली, सकाळची, संध्याकाळची, बर्फ पडलेली, धुक्यातली. अनेक कॅनव्हास सोबत ठेवायचा, ऊन बदललं की हातातला बाजूला आणि दुसरा पुढ्यात. तो खरं तर ऊनच काढत होता, गंजी आपली ते पडायला जागा म्हणून. आणि उन्हाची आपल्याला काय कमी आहे रे!
तू वावर उजाड म्हणतोस ना, सकाळी सातला जाऊन एखाद्या ढेकळाजवळ उकिडवा बस. उन्हाकडच्या अंगाला तांबूस दिसेल, मागच्या अंगाला जांभळट, काळा रंग शोधूनही सापडत नाही. पोरं काळी जमीन म्हटलं की सरळ काळ्याची बाटली उघडतात, मला त्याचा भयंकर राग यायचा.

झाडीवाला
गुरुजी म्हणते ते बरोबरच हाय पण मी जरा येगळं सांगतो. आमचे मोठे बाबा झाडीपट्टीच्या नाटकाचे पडदे रंगवत, वडस्याच्या कंपन्यायसाठी. प्रेरणेची वाट पाहात बसले असते तं घरची चूल पेटली नसती. कंपनीवाला सांगे, महाल पाहिजे, जंगल पाहिजे, पाटलाचा वाडा पाहिजे अन दिवाळीच्या आत पाहिजे. महाल त्यायनं जन्मात पाह्यला नव्हता, तो कॅलेंडरावरून उतरवत अन तो तसाच दिसे, कॅलेंडरातला. पण जंगलाचा पडदा घेतला का बांबूच्या रांज्या, तेंदू, मोहाचं झाड, अन मोह कसा तं पानं झडलेल्या फांद्या अन टोकाटोकाले फुलाचे घोस, मांगं बसलेला माणूस पण ओळखे का हे आपल्याकडलंच हाय. सांगाचं हे का विषय लोकानं देल्ला तरी माहितीतलं आपोआप हातात येते. तो मोठा चित्रकार एम. एफ. हुसेन, त्यानं पण मुंबईत सिनेमाचे बॅनर रंगवलेच ना. बसून राहू नको, कोणाचं बी काम घे.

रंगपेटी_ताई
भाऊ, पाहून काढायचं एवढं वाईट वाटून घेऊ नको. व्हॅन गॉग १८८९-९० मध्ये सेंट रेमीच्या मनोरुग्णालयात होता तेव्हा त्याने मिले या चित्रकाराच्या कामावरून वीसेक चित्रं केली, तीही काळ्यापांढऱ्या छापील प्रतींवरून, म्हणजे रंग सगळे याचे स्वतःचे. पण त्याच्याआधी त्याने हॉलंडमधले शेतकरी डोळे भरून पाहिले होते, बटाटे खाणाऱ्या कुटुंबाचं चित्र १८८५ चं आहे, त्यामुळे मिलेचा पेरणी करणारा माणूस त्याला ओळखीचाच होता. यूट्यूबचा धबधबा तुझ्या ओळखीचा नाही, गडबड तिथे आहे.
आणि चित्रकार एस. एच. रझांचं वाच कधीतरी, तू नागपूरलाच चालला आहेस म्हणून सांगते. १९२२ चा जन्म, मंडला जिल्ह्यातलं बाबरिया गाव, वडील जंगलखात्यात. १९३९ ते ४३ नागपूरला चित्रकला शिकले, पुढे मुंबई आणि १९५० ला फ्रान्स. लहानपणी शाळेत लक्ष लागेना म्हणून मास्तरांनी भिंतीवर एक टिंब काढून दिलं आणि बघत बस म्हटलं, असं ते सांगायचे. ते टिंब बिंदू होऊन चित्रात ठाण मांडून बसलं ते केव्हा, तर सत्तरच्या दशकाच्या शेवटी, पन्नाशी ओलांडल्यावर, तिकडे फ्रान्समध्ये. तोपर्यंत लोणच्यासारखं मुरत पडलं होतं. तेव्हा आज पाहिलेलं आजच कागदावर आलं पाहिजे असं काही नसतं.

फ्रेमवाला_भाऊ
सारं ठीक हाय राजेहो पण विकते कोण? माझं फोटो फ्रेमचं दुकान हाय, येणारा प्रत्येक माणूस सात घोडे नाहीतं धबधबाच मांगते, वास्तूले चांगला असते म्हणून. कडब्याची गंजी कोण लावते हॉलमधी? पोराले कॉलेजची फी भराची हाय, त्याले मोने सांगून काय फायदा.

झाडीवाला
फ्रेमवाले भाऊ, दुकानाचं दुकानापाशी. मध्यप्रदेशातल्या पाटणगडचा जनगढसिंग श्याम ऐकला का? परधान गोंड माणूस, घराच्या भिंतीवर चित्रं काढे. १९८० च्या सुमारास भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रातले चित्रकार स्वामीनाथन, त्यायच्या लोकायनं ते पाह्यलं अन त्याले भोपाळले नेलं. परधान लोक बाना वाजवून देवाच्या कथा गातात, त्या गाण्यातले देव त्यानं कागदावर आणले. आज परदेशातल्या म्युझियमात हायेत त्याचे चित्रं. त्यानं घोडे काढले असते तं तुमच्याच दुकानात लटकले असते 😄 अन पोरा, तुह्या आजीले भुलाबाईचे गाणे येत असतीन तं तिच्यापाशी बस जरा, चित्र कानातून बी येते.

फ्रेमवाला_भाऊ
हाव, मानलं. पण घोड्याले नावं ठेवू नका, माहं घर त्याच्यावरच चालते.

तुरीच्या_शेंगा
सगळ्याइले धन्यवाद. आज धुऱ्यावर उपटून ठेवलेल्या पऱ्हाटीचा ढीग काढाले घेतला. गंमत म्हणजे काड्या राखाडी वाटत होत्या पण जवळून काही लालसर निघाल्या अन फुटलेल्या बोंडाइत कापसाचे बारके पुंजके राहिले हायेत. गुरुजी, ढिगाच्या पोटातल्या सावलीले कोणता रंग घेऊ? काळा नाही म्हणता तं मंग काय? पोस्टर कलर हायेत माह्याजवळ.

खडूफळा
गडद निळा आणि तपकिरी मिसळ, तपकिरी जास्त. सगळीकडे सारखा भरू नकोस, जमिनीला टेकतो तिथे घट्ट आणि वर येता येता पातळ, काड्यांमधून खालचा कागद थोडा दिसू दे. कापसाचा पुंजका सावलीत असेल तर तो पांढरा नाही, निळसर राखाडी घे, नाहीतर दिव्यासारखा पेटेल. दुपारी काढू नकोस, बाराच्या उन्हात सावली ढिगाच्या बुडाशी लपते, साडेचारनंतर जा. आणि मोबाईलवर फोटो घेऊन घरी रंगवायचं मनात असेल तर सावलीपुरतं तरी तिथंच रंगव, फोटोत ती हटकून काळी येते.